काळ्या ठिपक्याच्या पलीकडे

मी एक जुने पिस्तूल आहे, मित्रांनो, आणि माझ्याविषयी तुम्ही जे ऐकले असेल त्यातले बहुतेक चुकीचे आहे. मी कधी चोर पकडला नाही, युद्ध पाहिले नाही, कुणा नायकाच्या कमरेला लटकून मिरवले नाही. मी कागदावर भोके पाडण्यासाठी बनवलेले यंत्र आहे. आयुष्यात मी अकरा हजार चारशे सव्वीस गोळ्या झाडल्या. त्यांपैकी अकरा हजार चारशे पंचवीस कागदात, वाळूत आणि मातीच्या ढिगात गेल्या. ही हकीकत उरलेल्या एकीची आहे.

माझा जन्म मायेच्या कुशीत झाला नाही. तापून लाल झालेल्या पोलादाच्या तुकड्यावर घण पडला. मग तो पुन्हा पडला, आणि कुणीतरी 'पुरे' म्हणेपर्यंत पडत राहिला. त्यानंतर पाती आली. शंभर भाग पोलादातले सत्तर भाग त्यांनी कातून फेकून दिले. आज मी आहे ते उरलेल्या तिसांचे. मला भट्टीत घातले, तेलात बुडवले, आणि त्या वेळी जो चर्रर्र आवाज झाला त्याला माझे पहिले रडणे म्हणावयास हरकत नाही. शेवटी मला शिकंज्यात आवळून, नेहमीपेक्षा जादा दारू भरलेले काडतूस माझ्यात घातले आणि कामगाराने भिंतीआडून दोरी ओढली. मी फुटले नाही. जी फुटतात ती भंगारात जातात. त्यांचे आत्मवृत्त कोणी लिहीत नाही. म्हणून टिकून राहिलेल्यांच्या सांगण्यावरून जगाचा अंदाज बांधू नये.

माझी रचना थोडक्यात सांगते, कारण तिच्यावाचून पुढचे कळणार नाही. माझ्या अंगावर पुढेमागे सरकणारा जो पोलादी सांगाडा आहे, त्याला स्लाइड म्हणतात. गोळी सुटली की स्लाइड मागे आपटते, रिकामे टरफल बाहेर भिरकावते, काडतुसावर आपटणारा घोडा ताणून ठेवते, आणि पुढे येताना मुठीतल्या मॅगझिनमधले, म्हणजे काडतुसांच्या डबीतले, वरचे काडतूस ढकलून नळीत बसवते. स्लाइड हाताने मागे ओढून सोडली तरी हेच होते. मॅगझिन नसेल तर फक्त घोडा ताणला जातो. भरलेले मॅगझिन असेल तर काडतूसही आत जाते. मला यातला फरक कळतो. सांगता मात्र येत नाही.

मला विकत घेतले ते एका चष्मेवालीने. लोकांचे डोळे तपासून नंबर काढणे हा तिचा व्यवसाय, आणि स्वतःच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखी भिंगे. दुकानात ती नेमबाजीच्या मैदानावरच्या उस्तादांना घेऊन आली होती. उस्तादांचा डावा कान तीस वर्षांच्या बारांनी निकामी झाला होता; न पटणारे बोलणे त्यांना नेमके त्याच कानाने ऐकू येत असे.

"मॅडम, हे चंदेरी घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "फार यश देणारं आहे."

"यश किती मिलिमीटरमध्ये देतं?"

दुकानदाराने उस्तादांकडे पाहिले. "यांना कुठून आणलंत?"

"मी कुठला आणतोय," उस्ताद म्हणाले, "यांनीच मला धरून आणलंय."

तिने तीन पिस्तुले निवडली आणि मैदानावर नेऊन, वाळूच्या पिशवीवर टेकवून, प्रत्येकातून तीस गोळ्या झाडल्या. मग कागदावरच्या भोकांमधली अंतरे मोजपट्टीने घेतली. चंदेरी पिस्तूल शेवटचे आले. मी पहिले आले. मुठीत धरले असता तिच्या तर्जनीचे पहिले पेर अगदी चापाच्या मध्यावर पडत होते. तेही तिने तीनदा पाहिले.

"लांब स्लाइडचं का घेतेस?" उस्तादांनी विचारले. "जड आहे. हात भरून येईल."

"नेम धरायच्या दोन खुणा, पुढची आणि मागची. त्यांच्यातलं अंतर यात अडीच सेंटीमीटर जास्त आहे. खूण अर्धा मिलिमीटर चुकली, तर साध्या पिस्तुलाची गोळी पंचवीस मीटरवर शहात्तर मिलिमीटर भरकटते. याची सहासष्ट."

"म्हणजे चूक होतच नाही असं नाही."

"नाही. चुकीला पंख जरा कमी फुटतात, एवढंच."

मग तिने मला सरळ हाताने समोर धरून घड्याळ लावले. दोन मिनिटांनी हात थरथरू लागला, तरी तिने खाली घेतला नाही. तेव्हा मी तिची झाले.

मित्रांनो, नेमबाजी हा शांत खेळ आहे असे जे म्हणतात, ते प्रेक्षकांत बसलेले असतात. माझ्या आत प्रत्येक वेळी स्फोट होतो. धग नळीतून जाते, स्लाइड हाडावर हाड आपटावे तशी आदळते, आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा सज्ज व्हावे लागते. दिवसाला शंभर वेळा. या मारातून मी टिकले ते तिच्या निगराणीमुळे. सराव संपला की ती मला उघडून चार भाग करी. नळीत ब्रश नेहमी मागून पुढे घाली, कारण नळीचे तोंड झिजले तर गोळी बाहेर पडतानाच वाकडी होते. घासणाऱ्या जागी तेलाचा एकेक थेंब. जास्त नाही, कारण जादा तेलात काजळी साचते आणि तिचाच घासकागद होतो. तीन हजार गोळ्या झाल्या की स्प्रिंग बदलून टाकी, मग ती चांगली दिसत असली तरी. चापाला वजने टांगून तो किती ग्रॅमला सुटतो ते महिन्याला तपाशी, आणि झाडलेल्या गोळ्यांसह वहीत टिपून ठेवी.

मैदानावर मोजेवाला म्हणून एक गृहस्थ होते. स्पर्धेला ते एकच लाल मोजे घालीत, न धुता. पिस्तुलाला मात्र ते तेलाने न्हाऊ घालीत.

"तळायला काढलंय का?" चष्मेवाली विचारी.

"तुमचं हिशोबाचं डोकं, आमची श्रद्धा," मोजेवाला म्हणे.

एकदा घाईत त्यांचा अंगठा स्लाइडच्या मागे राहिला. स्लाइडने अंगठ्याच्या मुळाचा लचका काढला. रक्त टेबलावर, कागदावर, लाल मोज्यांवरही. चष्मेवालीने पट्टी बांधली आणि बांधता बांधता म्हणाली, "स्लाइडला दोष देऊ नका. तिचा रस्ता ठरलेला आहे. तिथं अंगठा कुणी ठेवला?" खरे होते. खरे बोलताना दया दाखवण्याची तिला सवय नव्हती.

उस्तादांचा एक नियम होता. मैदान सोडण्यापूर्वी प्रत्येकाने स्लाइड उघडून, दुसऱ्या माणसाकडून आत डोकावून घ्यायचे. स्वतः पाहिलेले धरायचे नाही.

"मी पाहिलं आहे, उस्ताद. रिकामं आहे."

"पाहिलं असशील. आपला डोळा आपल्याला फितूर असतो."

"डोळे हा माझा धंदा आहे," ती म्हणे, आणि मला त्यांच्यापुढे धरी; नियमाचा मान म्हणून, पटले म्हणून नव्हे.

घरी दुसरा माणूस नव्हता. म्हणजे माणसे होती. पण माझ्यात डोकावणारे कुणी नव्हते. चष्मेवाली आपल्या थोरल्या बहिणीकडे राहत असे. ताई कपडे शिवी. शाळांचे गणवेश हे तिचे मुख्य काम. आई गेल्यावर धाकटीला तिनेच वाढवले होते. ताईचे यजमान, म्हणजे चष्मेवालीचे भावजी, खालच्या मजल्यावर गाड्या दुरुस्त करीत. वर दोन खोल्या शेजारी शेजारी. एकीत ताईचे विजेवरचे शिलाई मशीन, दुसरीत चष्मेवाली आणि मी. मध्ये भिंत.

त्या भिंतीवर तिने एक काळा ठिपका चिकटवला होता. नेमबाज घरी कोरा सराव करतात: पिस्तूल रिकामे, स्लाइड ओढायची, ठिपक्यावर नेम धरायचा, चाप दाबायचा. खट्. हात हलला का ते पाहायचे. पुन्हा. रोज दोनशे वेळा.

"भिंत गोळी अडवणारी निवड," उस्तादांनी बजावले होते.

"खोलीत काडतूसच नसतं. ते दुसऱ्या खोलीत कुलपात असतं. मग भिंतीचा प्रश्न येतोच कुठं?"

युक्तिवाद निर्दोष होता. फक्त त्यात दोन कुलपांपैकी एक उघडे ठेवून दुसऱ्याच्या भरवशावर निजायचे होते. भिंत पोकळ विटांची होती. तिने ती कधी ठोकून पाहिली नाही.

निवड स्पर्धेच्या आठवड्यात बहिणींचे वाजले. पलीकडच्या मशीनने भिंत थरथरते आणि ठिपका हलतो, अशी धाकटीची तक्रार.

"ताई, तासभर बंद ठेव ना."

"चाळीस गणवेश द्यायचेत सोमवारी. तुझ्या खट्खट्नं माझं डोकं उठतं, ते मी बोलते का?"

"एक दिवस बघ, तुझं ते मशीन मी कायमचं बंद पाडते."

"पाड हो. आधी स्वतःच्या शर्टाचं बटण लावायला शीक!"

भावजी जिन्यात उभे राहून हसत होते. त्यांनी हे वाक्य ऐकले आणि, पुढे कळले त्याप्रमाणे, लक्षातही ठेवले.

शनिवारी दुपारी तिने सराव केला. दोनशे वेळा खट्. संपला. दुसऱ्या दिवशी स्पर्धा. म्हणून तिने काडतुसे टेबलावर आणली आणि मॅगझिने भरली. त्यांतले एक नवे होते. ते नीट अडकते की नाही हे पाहण्यासाठी तिने ते माझ्या मुठीत सरकवले. टक्. अडकले. इतक्यात दारावर कुणीतरी आले. एका गणवेशाची बाही आखूड झाली होती. तिने मला टेबलावर ठेवले, दार उघडले, ताईला हाक मारली, परत आली. खोली तीच, ठिपका तोच, मी तिथेच. शेवटचा चाप मनासारखा सुटला नव्हता, हे तिला आठवले.

"एकदाच," ती स्वतःशी म्हणाली.

मित्रांनो, तिने स्लाइड ओढली तेव्हा ती पुढे येताना किंचित जड गेली. काडतूस ढकलताना जाते तशी. मी माझ्या परीने सांगितले. तिला वाटले, तेल कमी झाले असावे.

नेम उत्तम होता. गोळी काळ्या ठिपक्याच्या बरोबर मध्यातून गेली.

भिंतीचा गिलावा पांढऱ्या धुळीसारखा उडाला. तिच्या कानात शीळ घुमत राहिली, आणि त्या शिळेखालून पलीकडचे मशीन ऐकू येत होते. ते थांबले नव्हते. उलट, कधी नव्हे इतक्या वेगाने धावत होते. मी तिच्या हातातून गळून उंबऱ्यापाशी पडले. तिथून मला पलीकडची खोली दिसली. गोळी ताईच्या उजव्या मनगटाच्या वर घुसून आरपार गेली होती. ताईचे अंग आवळले होते, पाय मशीनच्या पायटीवर रुतला होता, आणि सुई निळ्या कापडावर, रक्तावर, पुन्हा कापडावर टाके घालीत सुसाट चालली होती. रक्त धारेने येत नव्हते. ठोक्यांनी येत होते.

चष्मेवालीने आधी पायटीवरचा पाय ओढून काढला. मग ताईच्या गळ्यातली मोजपट्टी तिच्या दंडाला गुंडाळली, गाठीत कात्री अडकवली आणि पिळली. ताई ओरडली. तिने आणखी पिळली. ठोके मंदावले.

"मी बघितलं होतं," ती म्हणत होती, "ताई, मी बघितलं होतं, रिकामं होतं."

"पीळ, बोलू नकोस!"

भावजी धावत वर आले ते हातातल्या हातोड्यासकट. त्यांनी बायको पाहिली, रक्त पाहिले, मग उंबऱ्यापाशी मला पाहिले. पहिला घाव माझ्या स्लाइडवर बसला. दुसरा मुठीवर, लाकूड तडकले.

"थांबा! भरलेलं आहे!" चष्मेवाली किंचाळली.

ते खरे होते. मी माझे काम चोख केले होते. दुसरे काडतूस नळीत, घोडा ताणलेला. भावजींना काही ऐकू येत नव्हते. कात्री ताईच्या डाव्या हातात देऊन चष्मेवालीने माझ्यावर झेप घेतली, आणि तिसरा घाव तिच्या खांद्यावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. चष्मा उडून भिंतीवर फुटला. तिने चाचपडत, एका हाताने, मॅगझिन काढले; मुठीला गुडघ्यात धरून स्लाइड ओढली; काडतूस टणकन फरशीवर पडले. भावजींनी तिच्या तोंडात भडकावली. मग पुन्हा भडकावली.

"अहो, हातोडा टाका तो!" ताई ओरडली. "मला आधी दवाखान्यात न्या, मग घाला दोघं धुडगूस!"

संध्याकाळी पोलीस इन्स्पेक्टर पंचनाम्याला आले. चष्मेवालीचा हात झोळीत होता. खबर कळून आलेले उस्ताद तिच्या कानाशी लागले.

"आपोआप उडालं म्हण. वस्तूला कुणी तुरुंगात टाकत नाही."

"कसं झालं?" इन्स्पेक्टरांनी विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले. तिला नीट दिसत नव्हते; तरी पाहिले.

"आपोआप उडालं."

मित्रांनो, हातोड्याचे दोन घाव मी सोसले. हा तिसरा मात्र मला लागला. अकरा हजार वेळा मी तिने दाबल्यावाचून सुटले नव्हते, आणि तिच्या वहीत ते लिहिलेले होते.

मला शस्त्रतपासनिसाकडे धाडण्यात आले. हा सडपातळ मनुष्य कामात गुणगुणत असे. त्याने माझ्या चापाला वजने टांगली: बाराशे दहा ग्रॅम, जेवढे असावे तेवढे. मग दारू आणि गोळी नसलेले, फक्त ठिणगी पाडणारी टिकली असलेले काडतूस घालून त्याने मला दीड मीटरवरून फरशीवर आपटले. नळीवर, पाठीवर, कुशीवर, मुठीवर. रबरी हातोडीने बडवले. थंड करून आपटले, तापवून आपटले. प्रत्येक आपट हा एकच प्रश्न होता: तू आपोआप उडतेस का? शंभर वेळा मी नाही म्हणाले.

सहा आठवड्यांनी त्याच्या टेबलाभोवती सगळे जमले: इन्स्पेक्टर, भावजी, हाताला पट्टा बांधलेली ताई, आणि नवा चष्मा घातलेली चष्मेवाली. मी मध्ये.

"दोष नाही," तपासनीस म्हणाला, आणि तक्ता तिच्यापुढे सरकवला. "शंभर वेळा आपटलं. एकदाही नाही."

तिने तक्ता पूर्ण वाचला. खालून वर पुन्हा वाचला.

भावजी आधी बोलले. "म्हणजे आपोआप उडालं नाही. मग खोटं का बोललीस? मशीन कायमचं बंद पाडीन म्हणाली होतीस. माझ्या कानांनी ऐकलंय मी!"

"तुम्ही असं म्हणाला होतात?" इन्स्पेक्टरांची लेखणी थांबली. "बाई, आता हा साधा निष्काळजीपणा राहत नाही. नेम धरून, मुद्दाम, भिंतीआडच्या माणसावर, असं झालं तर खुनाचा प्रयत्न होतो. तुमच्या बहिणीच्या जबानीवर बरंच अवलंबून आहे."

ताईने मान वळवली. तिने बहिणीकडे पाहिले. ज्या पोरीच्या वेण्या घातल्या, तिच्याकडे ती अशी पाहत होती, जणू दुकानातल्या अनोळखी कापडाचा पोत पाहते आहे.

"मला एवढंच सांग," ताई म्हणाली. "त्या वेळचं तुला काय आठवतं?"

चष्मेवालीने तक्ता बाजूला सरकवला.

"ते रिकामं होतं, असं आठवतं. अगदी स्पष्ट. स्लाइड उघडलेली दिसते, आत काळोख दिसतो, नळी मोकळी दिसते. आत्ताही दिसते. ताई, आणि ते खोटं आहे. ती आठवण सकाळची असेल, नाहीतर आदल्या दिवशीची. माझ्या डोळ्यांनी जुनं चित्र नव्या जागी लावलं. आपोआप काही उडालं नाही. मॅगझिन मी घातलं, स्लाइड मी ओढली, चाप मी दाबला. मी चुकले. आणि मग घाबरून यावर ढकललं." तिने माझ्याकडे बोट केले.

"ऐकलंत?" भावजी म्हणाले. "आता नवी गोष्ट."

"तुम्ही गप्प बसा हो जरा." ताई खुर्चीत पुढे झुकली. "सत्तावीस वर्षं ओळखते मी हिला. पाचवीत पाढा चुकला तर पुस्तकात छापायला चुकलंय म्हणायची. 'मी चुकले' हे दोन शब्द हिच्या तोंडून आजवर ऐकले नाहीत. मला मारायचंच असतं ना, तर हिनं दहा पुरावे गोळा करून ठेवले असते, आणि एकही तिच्याविरुद्ध नसता." ती इन्स्पेक्टरांकडे वळली. "लिहा. चुकून झालं. हिच्या चुकीनं झालं. मुद्दाम नाही."

इन्स्पेक्टरांनी लिहिले. चष्मेवाली तोंडावर हात घेऊन हुंदके देऊ लागली. ते हुंदके तिला मोजता येत नव्हते, थांबवताही येत नव्हते.

"रडणं झालं की चल," ताई म्हणाली. "माझी दोन बोटं मिटत नाहीत, डॉक्टर म्हणतात मिटणारही नाहीत. पंचवीस गणवेश कापून पडलेत. मशीनवर तू बसायचंस."

"मला सरळ शिवण येत नाही, ताई."

"मग वाकडी घाल. मी उसवीन. तू पुन्हा घाल."

निष्काळजीपणाबद्दल तिला शिक्षा झाली आणि तिने ती भोगली. परवाना कायमचा गेला, निवड स्पर्धा तर कधीच उलटून गेली होती. मी पोलिसांच्या कोठीत लोखंडी फळीवर पडून राहिले. तेल नाही, ब्रश नाही. नळीत गंजाची पहिली बारीक पुटकुळी उठली तेव्हा मला वाईट वाटले, हे कबूल करते. काल माझ्या चिठ्ठीवर शिक्का पडला. शुक्रवारी मला कापण्याच्या चाकाखाली धरतील आणि तीन तुकडे करतील.

मी माझी वकिली करीत नाही. तुमच्यापैकी कुणी मला हातात घ्यावे, अशीही माझी इच्छा नाही. मागणे एवढेच आहे: शेगडी असो, विजेची तार असो, औषधाची बाटली असो, जे माणसाला मारू शकते त्याच्याबद्दल 'मला आठवतं' हे उत्तर देऊ नका. आठवण हा पुरावा नाही. ती सरावाने पडलेली चाकोरी आहे, आणि ज्या दिवशी वस्तू बदललेली असते त्या दिवशीही ती तितक्याच खात्रीने बोलते. उठा, उघडा, पाहा. आणि जवळ दुसरे माणूस असेल तर त्यालाही दाखवा, मग ते माणूस तुमच्यापेक्षा कमी शिकलेले का असेना.

शुक्रवारी जो कामगार मला कापणार आहे, त्याला कुणीतरी निरोप द्यावा. चाक सुरू करण्यापूर्वी त्याने माझी स्लाइड मागे ओढून आत नीट पाहावे. मी रिकामे आहे. मला ते अगदी स्पष्ट आठवते. तरीही त्याने पाहावे.